भुरीचा उजवा डोळा

त्याला सगळे पक्कड म्हणत. हे नाव नालवाल्याने ठेवले होते, आणि नालवाल्याने ठोकलेली वस्तू सहसा निघत नाही. नाल मारताना लाथा झाडणारे शिंगरू असो, सुई पाहून बिथरणारे खेचर असो, पक्कडने एकदा मानेत हात घातला, डोके काखेखाली दाबून आणले आणि दुसऱ्या मुठीत कान घेतला, की जनावर जागच्या जागी खिळे. कोणी म्हणे, जनावरे त्याला भितात. कोणी म्हणे, त्याच्या हाताखाली ती निर्धास्त होतात. जनावरांना विचारण्याची सोय नसल्यामुळे हा वाद कधी मिटला नाही, आणि पक्कडने तो मिटवण्याची घाईही केली नाही. तो बोलका नव्हता. आपल्याविषयी लोक जे बरे बोलतात ते आपल्या हातांविषयी बोलतात, एवढे त्याला ठाऊक होते, आणि तेवढे त्याला पुरत असे.

पोटाचा धंदा मात्र धरण्याचा नव्हता, ओढण्याचा होता. जंगलातल्या तोडीवर झाडे पडत, फांद्या छाटल्या जात, आणि उभ्या उतारावरचे ओंडके साखळीने बांधून खालच्या रस्त्यापर्यंत आणण्याचे काम तो आणि त्याची घोडी करीत. घोडी राखाडी, रुंद छातीची, वयाच्या उतरणीला लागलेली. तिला भुरी म्हणत. यंदा पाऊस जाता जाईना. जमीन कुजल्यासारखी झाली होती. ट्रॅक्टर रस्ता सोडून जरा आत गेला की रुतून बसे. त्यामुळे मुकादमाची सगळी भिस्त भुरीवर होती, आणि पक्कडच्या घराची भिस्त मुकादमावर.

त्या सकाळी झिमझिम चालू होती. उतारावर घोडी हाकणारा माणूस नेहमी वरच्या अंगाने चालतो; ओंडका सुटला तर तो खाली जातो आणि खाली जो असेल त्याला सोबत नेतो. भुरीची वाट अशी होती की चढाची बाजू तिच्या उजवीकडे यायची. म्हणून पक्कड वर्षानुवर्षे तिच्या उजवीकडून चालत आला होता. शिवाय ती बुजू नये म्हणून तिच्या दोन्ही डोळ्यांना कातड्याची झापडे असत. ही झापडे पहाटेच्या अंधुकात चढवली जात आणि सांजेच्या अंधुकात उतरवली जात.

"चल बाय, चल. जपून."

भुरीचा डावा खांदा एका खुंटावर आदळला. मांडीएवढा जाड, ताजा कापलेला, पांढराफटक खुंट. साखळी ताठ झाली, ओंडका आडवा फिरला, आणि खाली साल काढत बसलेली दोन माणसे शिव्या देत बाजूला उडाली.

मुकादम धापा टाकत वर आला. "आंधळी झाली काय रे ही?"

त्याने थट्टेत विचारले होते. पक्कडने डावे झापड उचलले आणि थट्टा तिथेच संपली. डोळा सुजून मोठा झाला होता, जणू त्या खोबणीत तो मावत नव्हता. काचेवर वाफ धरावी तसा त्यावर निळसर पडदा आला होता, आणि खालच्या पापणीपासून गालावर ओघळ वाळून केस चिकटले होते.

"कधीपासून आहे हे?"

पक्कडने झापड खाली सोडले.

"अरे, घोडी तुझी ना?"

"मी उजवीकडून चालतो," पक्कड म्हणाला. हे खरे होते. आणि खरे असूनही ते उत्तर नव्हते, हे त्याला बोलता बोलताच कळले.

मुकादमाने डोक्यावरची ओली टोपी काढून पिळली. "हे बघ, एका डोळ्याची मला चालते. माझा मेहुणा एका डोळ्याचा आहे, ट्रक हाकतो आणि वर मलाच रस्ता शिकवतो. पण दुसराही जाणार असेल तर उतारावर नको. खाली माणसं बसतात. डॉक्टरला दाखव. काय ते मला डॉक्टरांच्या तोंडून कळू दे, तुझ्या नको."

*

जनावरांची डॉक्टरीण लहान चणीची होती. तिच्या गाडीत बुटांची एक जोडी कोरडी आणि एक चिखलाची असे. तिने दारातच बूट बदलले आणि गोठ्यात शिरली. पक्कडची बायको कंदील घेऊन उभी होती, कारण गोठ्याला एकच खिडकी आणि तीही पावसाच्या बाजूची.

डॉक्टरणीने पिशवीतून टॉर्चएवढे एक यंत्र काढले. त्याच्या टोकाला तारेसारखी बारीक काडी, आणि काडीच्या शेंड्याला मोहरीएवढा मणी.

"हे डोळ्यातला दाब मोजतं," ती म्हणाली. "सायकलच्या चाकात हवा किती ते आपण अंगठ्यानं दाबून बघतो ना, तसंच. फक्त हा मणी डोळ्याला इतका हलका टेकून मागे येतो की तिला कळतही नाही."

"आणि टोचलं तर?" बायकोने विचारले.

"टोचत नाही. पण डोकं हललं तर माप येत नाही. गुंगीचं इंजेक्शन मी देणार नाही. त्यानं दाब उगाच उतरतो आणि खरं काय ते झाकून जातं. नीट धरणारं कोणी आहे का?"

बायको हसली. "यांना विचारताय, बाई? लोक लांबलांबून जनावर आणतात यांच्याकडून धरून घ्यायला."

"मग धरा. घट्ट."

पक्कडने धरले. डावा दंड मानेवरून गेला, डोके खाली काखेपर्यंत आले, अंगठा गळ्याच्या बाजूच्या खोबणीत आपल्या नेहमीच्या जागी बसला, आणि उजव्या मुठीत कान. अंगात ओला जाड कोट होता. त्याच्या बाहीखाली अर्धी मान झाकली गेली. भुरी दगडासारखी उभी राहिली. डॉक्टरीण म्हणाली, "वा!" आणि त्या एका शब्दाने, इतक्या वाईट दिवसातही, त्याला बरे वाटले.

यंत्र टिकटिकले. डाव्या डोळ्याचा आकडा साठाच्या पुढे गेला.

"हा गेला," डॉक्टरीण म्हणाली. "नुसता गेला नाही, दुखतोय. हा पुढेमागे काढावा लागेल." मग ती वळसा घालून उजवीकडे आली. टिकटिक. तिने आकडा पाहिला, झटकल्यासारखे यंत्र हलवले, पुन्हा टेकवले. "एक्केचाळीस. निरोगी घोड्याचा वीस-पंचवीसच्या आसपास असतो."

"उजवा तर स्वच्छ आहे," पक्कड म्हणाला.

"दिसायला आहे. दाब आधी वाढतो, डोळा मागून बिघडतो. म्हणून तर मोजायचं." तिने यंत्राचा मणी पुसला. "मान दाबत नाही ना तुम्ही? दाबली तर आकडा चढतो."

"नुसता हात ठेवलाय."

तो खोटे बोलत नव्हता. माणूस खोटे बोलतो तेव्हा त्याला निदान एका गोष्टीची खबर असते. पक्कडला कसलीच नव्हती.

डॉक्टरणीने थेंबांची बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ उजव्या डोळ्यात. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मोजणार होती. तोवर भुरीने सपाटीवरच काम करायचे.

*

पहिल्या सकाळी थेंब पक्कडने घातले. म्हणजे घालण्याचा प्रयत्न केला. एका हाताने धरून दुसऱ्याने पापणी उचलायची म्हणजे त्याची अर्धीच पकड उरे, आणि अर्ध्या पकडीची भुरीला सवय नव्हती. तिने मान झटकली, थेंब गालावरून ओघळले, बाटली गवतात पडली.

"सरका तुम्ही," बायको म्हणाली.

ती भुरीच्या समोर गेली आणि हात सोडून नुसती उभी राहिली, एखाद्या दुकानात उभे राहावे तशी. थोड्या वेळाने भुरीने एक लांब श्वास सोडला, मान पुढे केली आणि हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली. बायकोने एका बोटाने पापणी उचलली आणि थेंब घातला.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात? तिला डोकं ठेवायला जागा लागते. इतके महिने भिंतीला कपाळ लावून उभी असते, बघितलं नाहीत?"

पाहिले होते. भिंतीला कपाळ टेकून उभी राहणारी घोडी त्याने रोज पाहिली होती, आणि तो माज आहे असे त्याला वाटले होते. माज करणारे जनावर कामावर नेताना जरा जास्त घट्ट धरावे लागते. तसे त्याने धरलेही होते.

डॉक्टरीण दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याने आंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता, जणू तपासणी त्याची होती. माप बिनचूक यावे म्हणून भुरीला त्याने पूर्वीपेक्षाही नीट धरले. एक केससुद्धा हलू दिला नाही. आकडा आला त्रेचाळीस.

डॉक्टरणीचे खांदे उतरले. "औषधानं खाली यायला हवा होता. रोज घालता ना?"

"मी घालते," बायको म्हणाली. "एकही चुकला नाही."

"मग हिला उतारावर नेऊ नका. मुकादमांनी मला विचारलंय. त्यांना मी खोटं सांगू शकत नाही."

"खोटं कोण सांगायला सांगतंय," पक्कड म्हणाला. त्याचा अंगठा अजून भुरीच्या मानेवर होता.

त्या सुट्टीला लेक घरी आली. ती शहरात धुलाईच्या कारखान्यात होती; तिच्या हातांना सदा साबणाचा वास आणि बोटांना सुरकुत्या. जेवताना तिने विषय काढला.

"बाबा, दोन्ही डोळे जाणार असतील तर ठेवून करायचं काय?"

"तुझ्या बापाचे गुडघे गेलेत," आई म्हणाली. "ठेवलंयच ना त्यांना."

लेक हसली. मग म्हणाली, "विकायचं तर आता विका. आंधळी झाल्यावर एकटा खाटीक घेईल."

"आताही तोच घेईल," पक्कड म्हणाला. त्याने ताट पुढे सारले, आणि ते सारताना लेकीच्या हातावर हात पडला, तर तो त्याने सहज धरला. तिने लगेच सोडवून घेतला.

"आई गं! बाबा, तुमचं बोट धरून शाळेत जायचे ना, तेव्हा फाटकापाशी हात सोडलात की बोटांना रंगच नसायचा. पोरी विचारायच्या, तुझे हात पांढरे कसे?"

तिघेही हसली. सांगण्यासारखी गोष्ट होती ती, आणि लेकीने ती यापूर्वीही अनेकदा सांगितली होती.

*

मुकादमाने तारेच्या दोराचे यंत्र आणले. रस्त्यावर उभे राहून ते घरघरे, आणि उतारावरचे ओंडके एकामागून एक, कोणाच्याही हाकेवाचून, खाली घसरत येत. त्यांच्या मागे जमिनीवर खोल चर पडत. भुरीच्या वाटेवर असे चर कधी पडले नव्हते. पण चर मुकादमाला बुजवायचे नव्हते.

पक्कडला साल काढायला बसवले. ओंडक्यावर घोड्यासारखे बसायचे, दोन मुठींचा सुरा आपल्याकडे ओढायचा. ज्या दोघांवर त्या दिवशी ओंडका फिरला होता, त्यांच्याच शेजारची जागा त्याच्या वाट्याला आली.

"या या, पक्कडशेठ," त्यातला एक म्हणाला. "इथं बरं. वरून काही येत नाही आता अंगावर."

दुसरा त्याचे काम पाहत राहिला. "अहो, साल काढायची, लाकूड नाही. किती खोल जाताय! हलक्या हातानं घ्या."

त्याने हलक्या हाताने घेऊन पाहिले. सुरा सालीवरून नुसता घसरला. जोर लावला तेव्हा पुन्हा लाकडात रुतला. या दोन्हींच्या मधली एक जागा असणार, कारण शेजारच्यांच्या सुऱ्याखालून साल फितीसारखी सुटत होती. ती जागा त्याच्या हातांना सापडेना. दुपारपर्यंत तळव्याच्या जुन्या घट्ट्यांखाली नवे फोड आले. पाठीवर पाऊस, मांडीखाली ओले लाकूड, आणि नाकात चिकाचा कडू वास. संध्याकाळी मुकादम ओंडक्यावरून हात फिरवत म्हणाला, "हा माल कापला गेलाय रे. उद्या जरा बघून."

असे दिवस गेले. नालवाला एकदा वाटेत भेटला. एरवी तो लांबूनच ओरडायचा, त्या दिवशी हळू बोलला. "माझ्याकडे एक खेचर आलंय, चावतं. येशील धरायला?"

"सुटीला येतो."

"हात तेवढे शाबूत ठेव बाबा. तुझं तेवढंच काय ते चांगलं आहे." नालवाला हसला, पण पक्कड हसला नाही म्हणून थांबला.

घरी येऊन तो आधी गोठ्यात जाई. भुरी भिंतीला कपाळ लावून उभी असे. तो तिच्या उजव्या डोळ्यापुढे बोट हलवी. डोळा बोटामागे फिरे. रोज फिरे. आंधळ्या होत चाललेल्या डोळ्याने इतके चांगले दिसावे, याचा अर्थ त्याला लागत नसे. थकलेल्या माणसाला अर्थ लावण्याचीही ताकद लागते. तो चारा टाकी आणि घरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसे.

*

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीण जरा लवकर आली. पक्कड तोडीवरून अजून परतला नव्हता. बायकोने आपल्या पद्धतीने भुरीसमोर उभे राहून खांदा दिला. भुरीने हनुवटी ठेवली. यंत्र टिकटिकले.

पक्कड घरी पोचला तेव्हा दोघी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या आणि बायको त्याला हात हलवून बोलावीत होती.

"तेवीस!" ती म्हणाली. "अहो, तेवीस आला! तीनदा मोजलं बाईंनी."

"औषध लागू पडलं असावं," डॉक्टरीण म्हणाली, पण तिचा चेहरा हिशेब न जुळलेल्या माणसासारखा होता. "गेल्या खेपेला तर थेंबभरही फरक नव्हता. तुम्ही आलात ते बरं झालं. पुन्हा एकदा बघू. धरता?"

पक्कडने हात पुसले आणि धरले. दंड मानेवरून, डोके काखेत, अंगठा खोबणीत, कान मुठीत.

टिकटिक. "चाळीस."

खिडकीवर पाऊस वाजत होता. डॉक्टरणीने यंत्र खाली केले, पक्कडच्या बाहीकडे पाहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सोडा जरा."

त्याने सोडले. भुरीने डोके वर केले. थोडे थांबून डॉक्टरणीने मणी पुन्हा टेकवला. "चोवीस. आता धरा."

त्याने धरले. "एकोणचाळीस. सोडा."

"बाई, मी दाबत नाही," पक्कड म्हणाला. "नुसता हात ठेवतो. घोडीला विचारा हवं तर."

"घोडीनं सांगितलंय," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिने आपले बोट त्याच्या अंगठ्याखाली सरकवण्याचा प्रयत्न केला. बोट शिरेना. अंगठा जिथे बसला होता तिथे मानेची शीर होती, आणि शिरेच्या वरचा भाग दोरीसारखा तट्ट फुगला होता. बायकोने कंदील जवळ आणला. तिघांनीही ते पाहिले.

"डोक्यातलं रक्त खाली यायला हीच वाट आहे," डॉक्टरीण म्हणाली. "ती इथं अडली आणि वर डोकंही खाली दाबलेलं, की डोळ्यातला दाब चढतो. कान पिळला की आणखी. चूक माझी आहे. मीच म्हणाले, घट्ट धरा. आणि तुम्ही 'हात ठेवलाय' म्हणालात, ते मी कोट बाजूला करून बघायला हवं होतं."

पक्कडने अंगठा उचलला. ज्या हाताकडे लोक इतकी वर्षे पाहत आले होते त्या हाताकडे तो पाहत राहिला. मग त्याने विचारले.

"मग डावा? तोही माझ्या हातानंच गेला?"

"नाही."

"इतकी वर्षं धरतोय तिला."

"हात सोडला की आकडा उतरतो, आत्ताच बघितलंत. डावा आतून सुजून गेलाय, आजारानं. तो हातानं जात नाही." तिने यंत्र पिशवीत ठेवले. "पण तो दुखत होता. आपलं डोकं दुखतं ना, तसं. पुष्कळ दिवस. अशा जनावराचं डोकं खाली दाबलं, तर दुखणं वाढलं असणार. विचारलंत म्हणून सांगते."

बायको मध्येच म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. पण चूल पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

डॉक्टरणीने पुढचे सांगितले. डावा डोळा काढायचा. उजव्याचे थेंब बंद करायचे, कारण दाब औषधाने उतरला की मुळात चढलाच नव्हता, हे थेंबांवाचून मोजल्याशिवाय कळणार नाही. तो आकडा बरा आला, तर मुकादमाला ती स्वतः सांगेल.

*

मुकादमाने ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता; त्याला फक्त हंगाम संपवायचा होता.

"म्हणजे घोडी बरी होती आणि हात आजारी होता, असंच ना?" तो म्हणाला. आसपासचे हसले. पक्कडने मान हलवली, कारण यात नाकारण्यासारखे काही नव्हते. "आता यंत्र आणलंय, ते परत कुणाला पाठवू? तू बघितलंस ना, उतार जवळजवळ उरकला."

"बघितला."

"ओढ्याकडची कड राहिलीय. तिथं तार वळत नाही. एका घोडीचं काम आहे. डॉक्टरीण 'चालेल' म्हणाल्या तर ने. तोवर साल काढ." मग जाता जाता वळून म्हणाला, "हलक्या हातानं."

भुरीचा डावा डोळा काढला त्या दिवशी तिला गुंगी दिली होती, त्यामुळे कोणी धरण्याची गरजच पडली नाही. पक्कड दाराबाहेर ओंडक्यावर बसून होता. पापण्या शिवून टाकल्या, सूज उतरली, आणि एका सकाळी चारा टाकताना त्याच्या लक्षात आले की भुरी गोठ्याच्या मधोमध उभी आहे. भिंतीवर, तिच्या कपाळाच्या उंचीला, घासून घासून तेलकट झालेला एक काळा डाग तेवढा होता. तिने त्या बाजूला तोंडही केलेले नव्हते.

त्या दिवसांत तो नालवाल्याकडे गेला नाही. खेचराला दुसऱ्या कोणी तरी धरले, आणि ते नालवाल्याला चावले, अशी बातमी आली.

शेवटचे माप घ्यायला डॉक्टरीण आली तेव्हा पाऊस उघडला होता आणि अंगणात धुणे पडले होते. बायकोचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते.

"याल ना धरायला?" डॉक्टरणीने तिला विचारले.

"हे धरतील," बायको म्हणाली, आणि मान वर न करता धुणे पिळत राहिली.

पक्कड भुरीसमोर जाऊन उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. भुरीने त्याच्याकडे उरलेल्या डोळ्याने पाहिले. ती मागे सरली. तिला हा माणूस या जागी ठाऊक नव्हता; या अंतरावरून त्याने नेहमी मानेलाच हात घातला होता. उजव्या हाताची बोटे आपोआप वळू लागलेली पक्कडला जाणवली, तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

बराच वेळ गेला. बाहेर बादलीत पाणी ओतल्याचा आवाज झाला, कोंबड्या फडफडल्या. मग भुरीने एक पाऊल पुढे टाकले, त्याच्या सदऱ्याचा वास घेतला, आणि हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली. डोके इतके जड असेल अशी त्याची कल्पना नव्हती. काखेत धरलेल्या डोक्याचे वजन कधी कळत नाही, कारण ते आपणच दाबत असतो.

त्याने श्वास रोखला. भुरीने रोखला नव्हता. तिच्या नाकपुड्यांतली ऊब त्याच्या पाठीवरून खाली उतरत होती.

टिकटिक. टिकटिक.

"बावीस," डॉक्टरीण म्हणाली. "थेंबांवाचून बावीस. मुकादमांना मी जाताना सांगते."

पक्कडने मान हलवली नाही, कारण खांदा हलला असता. भुरीने आपल्या मनाने डोके उचलले तेव्हा तो बाजूला झाला आणि खुंटीवरची साखळी उतरवू लागला.

बायको दारात आली होती. साखळी घेण्यासाठी त्याने हात वर केला, बाही मागे सरली, आणि तिला त्याचे डावे मनगट दिसले. त्याच्यावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे उमटले होते, पांढरे, रक्त अजून न परतलेले.

त्याने बाही खाली ओढली, साखळी खांद्यावर टाकली, आणि भुरीला घेऊन ओढ्याच्या वाटेला लागला. या खेपेला तिच्या डावीकडून.